जुना ग्रेडर दारात आणण्याआधी

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी शहर सोडून गावाबाहेर जागा घेतली. कुणी पाच एकर, कुणी दहा. मागे झाडी, पुढे मक्याची शेतं आणि फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता. जागा बघायला जातो तेव्हा तो रस्ता फार छान वाटतो. पण इथे ओहायोत टाउनशिपचा माणूस तुमच्या पत्रपेटीपर्यंत रस्ता नीट ठेवतो. तिथून पुढे तुम्ही आणि तुमचे खड्डे.

दोन हिवाळे गेले की रस्त्याचं पत्र्यासारखं होतं. उंच-सखल, उंच-सखल. गाडीतला चहा सांडतो. मधोमध पाणी साचतं. भारतातून आलेल्या आई गाडीतून उतरताना म्हणतात, ‘अरे, हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे.’

आणि मग एक दिवस कुठल्या तरी शेताच्या कुंपणाशी तुम्हाला तो दिसतो. लांबलचक लोखंडी सांगाडा. चार लोखंडी चाकं. मागच्या बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखी दोन मोठी हातचाकं. मधोमध पोटाखाली वाकडं, गंजलेलं पातं. अंगावर वेल चढलेला. तुम्ही गाडी थांबवता. शेतकरी बाहेर येतो आणि सांगतो, हा आजोबांच्या वेळचा ग्रेडर, घोडे ओढायचे, पुढे ट्रॅक्टर आला. हवा तर न्या.

तिथेच थांबा. खिशातला हात खिशातच राहू द्या. घरी या, चहा घ्या आणि मी काय सांगतो ते ऐका. मी असा ग्रेडर दोनदा विकत घेतला आहे. एकदा फसलो, एकदा निभावलं.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घ्या. याला इंजिन नाही. पुढून कुणीतरी ओढायचं, मागे फळीवर उभं राहून दुसऱ्याने हातचाकं फिरवायची आणि पातं वर-खाली करायचं. आपल्याकडे शेत सपाट करायला बैलांमागे केणी लावतात, तिचाच हा थोरला भाऊ समजा. फरक एवढाच की केणी माती ओढून पुढे नेते. ग्रेडरचं पातं तिरकं असतं, त्यामुळे माती आणि खडी एका बाजूला सरकत जाते.

आता पातं तिरकं म्हटलं की जमीन सगळ्या यंत्रालाच एका बाजूला ढकलते. त्यावर जे. डी. अ‍ॅडम्स या माणसाने १८८५ मध्ये तोड काढली. त्याने चाकंच कलती होतील अशी केली. कमरेवर भरलेली घागर घेतलेली बाई दुसऱ्या अंगाला कलून चालते, अगदी तसं. त्याचा कारखाना पुढे इंडियानापोलिसला बऱ्याच मोठ्या नावाचा झाला. जुन्या ग्रेडरची चाकं वाकडी दिसली तर ती मोडलेली आहेत असं लगेच समजू नका. कदाचित ती मुद्दाम कलवलेली असतील आणि कुणी परत सरळ केलीच नसतील.

आपल्या ओहायोतलं गॅलियन हे गाव तर ग्रेडरसाठीच ओळखलं जायचं. गॅलियन आयर्न वर्क्स १९०७ मध्ये सुरू झालं. मिनेसोटाकडे रसेल कंपनी होती, १९०३ पासूनची. ती १९२८ मध्ये कॅटरपिलरने विकत घेतली. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या गोड्रिचला चॅम्पियन. शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरात ऑस्टिन-वेस्टर्न. तुम्हाला जो सापडेल तो बहुधा यांच्यापैकीच एखाद्याचा असेल. १९३१ मध्ये कॅटरपिलरने इंजिन आणि ग्रेडर एकाच सांगाड्यावर बसवून ‘ऑटो पट्रोल’ काढला आणि ओढायच्या ग्रेडरचे दिवस हळूहळू भरत आले. टाउनशिपांनी ते विकून टाकले. शेतकऱ्यांनी ते घेऊन कुंपणाशी उभे केले. म्हणून ते आजही तिथे आहेत.

घरात बसून आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला रस्ता नीट करायचा आहे की ग्रेडर नीट करायचा आहे?

फक्त रस्ता नीट करायचा असेल तर जुना ग्रेडर घेऊ नका. ट्रॅक्टरच्या मागे लावायचं साधं ब्लेड किंवा बॉक्स ब्लेड घ्या. ते शनिवारी आणाल, रविवारी वापराल. जुना ग्रेडर आधी तुमची दोन वर्षं घेतो आणि मग रस्ता देतो. ज्याला गंजलेला नट सुटल्याचा आनंद होतो त्यानेच या वाटेला जावं. आणि हो, घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नये. चार-पाच टन लोखंड अंगणात आलं की ते लपवता येत नाही.

लहानही असतात. दोन घोड्यांसाठी बनवलेले, सहा-सात फुटी पात्याचे, एखाद-दीड टनाचे. मोठे बारा फुटी पात्याचे, चार-पाच टनांचे. पहिल्यांदा घेत असाल तर लहानच घ्या.

आता बघायला जायची तयारी. हातमोजे, जाड बूट, एक हातोडी, तारेचा ब्रश, टॉर्च. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर आधी ते. हसू नका. गंजलेल्या पत्र्याने तळहात कापला की मग रविवारी इमर्जन्सीत चार तास बसावं लागतं आणि बिल येतं ते वेगळंच. उन्हाळ्यात गेलात तर पोकळ नळ्यांमध्ये आधी काठी घाला. गांधीलमाशांना असली घरं फार आवडतात.

सगळ्यात पहिल्यांदा पातं बघा. रंग नंतर.

पात्याला खालून एक वेगळी पट्टी बोल्टने बसवलेली असते. झिजायचं काम तिचं. ती झिजली की बदलायची. चपलेला नवा तळ लावतो तसं. पण कित्येकांनी ती वेळेवर बदलली नाही आणि झीज वरच्या पात्यापर्यंत पोचली. वाकून बघा. पट्टी झिजलेली असेल तर हरकत नाही. पण पात्याची खालची कड खाल्ली गेली असेल, बोल्टची भोकं अर्धी फुटून उघडी पडली असतील, तर चालायला लागा. तिथे लोखंड भरणं, भोकं पुन्हा पाडणं हे काम होतं, पण तुमच्या हातून होणार नाही आणि दुसऱ्याकडून करून घेतलंत तर ग्रेडरच्या किमतीच्या वर जाईल.

मग गिअरबॉक्स. हातचाकाच्या दांड्या जिथे जातात तिथे बिडाचे छोटे डबे असतात. त्यात वर्म गिअर असतो. इथेच मी फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला ग्रेडर घेतला तेव्हा तो इतका सुंदर रंगवलेला होता की मी लांबूनच मनात हो म्हणून टाकलं. विकणारा गोड बोलणारा. हातचाक अर्धा फेरा फिरवून दाखवलं, पुढे म्हणाला जरा आखडलं आहे. मी मान डोलावली. डिसेंबरात कडक थंडी पडली. जानेवारीत बघतो तर डाव्या गिअरबॉक्सच्या पोटावर वीतभर लांब भेग. रंगाचा पापुद्रा उचलून आला होता आणि खाली पांढरी लांबी भरलेली. म्हणजे भेग आधीचीच. आत पाणी शिरायचं, हिवाळ्यात गोठायचं, बीड फाटायचं. कुणीतरी लांबी भरून वर रंग मारला होता. बीड तव्यासारखं असतं. तवा पडून तडकला तर आपण त्याला डाग देऊन वापरत नाही. बिडाला वेल्डिंग करता येतं, पण ते करणारे हात थोडे आहेत आणि ते ताटकळत ठेवतात.

म्हणून गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला तारेचा ब्रश मारा. विकणाऱ्याला विचारून मारा. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. टॉर्च तिरका धरून भेग शोधा. वरचं झाकण आहे का बघा. झाकण नसेल आणि आत पाणी, पानं, चिमण्यांचं घरटं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

हातचाक पूर्ण जाम असेल तर घाबरू नका. जाम सुटतं. भेग सांधत नाही.

तिसरी चाकं. हातोडीने प्रत्येक आऱ्यावर हलकं ठोका. मडकं घेताना टिचकी मारून बघतो तसं. आरा घट्ट असेल तर टण्ण वाजतो. सैल असेल तर बद्द आवाज येतो. एखाददुसरा सैल असला तर चालेल. निम्मे सैल असतील तर चाक भार घेणार नाही. मग पुढे जाऊन दांडी बघा. घोड्यांची मूळ लाकडी दांडी टिकली असेल तर तुमचं नशीब. बहुतेकांची कापून ट्रॅक्टरचा हूक जोडलेला असतो. त्यात काही वाईट नाही, त्याचं ते आयुष्य होतं. पण अख्खी असलेली दांडी तुम्ही कापू नका.

शेवटी नावाची पाटी शोधा आणि बिडाच्या तुकड्यांवर उठून आलेले आकडे शोधा. प्रत्येक ओतीव भागावर नंबर असतो. सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. पुढे एखादा भाग शोधताना ‘ते गोल गोल’ असं सांगून कुणाला काही कळत नाही. नंबर सांगितला की कळतं. जुन्या बांधकाम यंत्रांची आवड असलेल्या लोकांची एक संस्था आहे, हिस्टॉरिकल कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट असोसिएशन. तिचं संग्रहालय आणि जुन्या कॅटलॉगांचा संग्रह आपल्याच ओहायोत बोलिंग ग्रीनला आहे. तिथली माणसं नवख्याला हिडीसफिडीस करत नाहीत. मुलांना घेऊन एकदा जाऊन या. ग्रेडर घ्यायचा नसला तरी जा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. असल्या यंत्राला ठरलेला भाव नसतो. भंगारवाला वजनावर जेवढं देईल तो तळ समजा आणि तिथून वर बोला. पूर्ण, न रंगवलेला, गंजलेला ग्रेडर हा अर्धवट पण चकचकीत ग्रेडरपेक्षा कधीही चांगला. फोटो पाठवून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक डॉलरही पाठवू नका, कितीही सभ्य बोलला तरी. लिलावात गेलात तर बोलीच्या वर लिलाववाल्याचं कमिशन आणि कर लागतो का ते आधी विचारा. माल किती दिवसांत उचलायचा तेही विचारा. आणि व्यवहार झाला की एका कागदावर तारीख, वर्णन, रक्कम, दोघांच्या सह्या. लिहिलेलं असलं की मैत्री टिकते.

आता तो घरी कसा आणायचा. इथेच माणसं हातपाय मोडून घेतात.

लोखंडी चाकांचा ग्रेडर डांबरी रस्त्यावरून ओढत आणायचा नाही. ‘फक्त तीनच मैल’ असलं तरी नाही. रस्ता खराब होतो, शेरीफ थांबवतो आणि या यंत्राला ब्रेक नाही. उतार आला की मागून चार टन तुमच्या अंगावर येतात.

ट्रेलर लागेल. आणि तुमच्या पिकअपमागचा गवत कापायच्या मशीनचा ट्रेलर नव्हे. भारी यंत्रं वाहणारा, बुटका, रॅम्पवाला. तो माणसासकट भाड्याने मिळतो. त्याला पैसे द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा. वजनाचा अंदाज त्याला खरा सांगा, मन राखायला कमी सांगू नका. इथे साधारणपणे साडेआठ फुटांपेक्षा रुंद माल परवान्याशिवाय महामार्गावर नेता येत नाही. म्हणून पातं आडवं असेल तर ते आधी वळवून सांगाड्याच्या लांबीत आणावं लागतं. ते वळत नसेल तर? म्हणजे जामच असेल तर? मग उचलायच्या आठ दिवस आधीपासून रोज जाऊन, पातं ज्यावर फिरतं त्या गोल कड्यात तेल घालून या. शेतकऱ्याला सांगा, तो नाही म्हणणार नाही. तुमच्याबरोबर उभा राहून आजोबांच्या गोष्टी सांगेल. त्यातल्या लिहून ठेवा.

ट्रेलरवर चढवताना पात्याखाली, चाकांपुढे-मागे कुणीही उभं राहायचं नाही. मुलं घरी. फोटो काढणारा मेहुणा वीस पावलं लांब.

घरी आला की त्याला सपाट, कोरड्या जागी ठेवा. चारही चाकांना लाकडाची भक्कम उटी लावा. पातं उचललेलं असेल तर खाली जाड ओंडके रचा आणि पातं त्यावर टेकवा. नुसत्या गिअरवर किंवा जॅकवर विसंबून त्याच्याखाली जाऊ नका. जॅक उचलायला असतो, धरायला नसतो. शेजारचं पोर चेंडू आणायला खाली शिरेल तेव्हा तुम्ही घरात जेवत असाल. ते ओंडके त्याच्यासाठी आहेत.

दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव फार. या देशात घरांच्या रंगातून शिसं १९७८ मध्ये बंद झालं. तुमचा ग्रेडर त्याच्या कितीतरी आधीचा. दुकानात शिसं तपासायच्या कांड्या मिळतात, त्या आणा. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही आणि गॅसने जाळायचं तर मुळीच नाही. पाणी मारून ओलं खरवडा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. चांगला मास्क लावा, कापडाचा नव्हे. कपडे वेगळे धुवा. पोळीला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा. आपल्या घरी चपला बाहेर काढायची पद्धत आहे, ती इथे खरोखर कामाला येते. घरात रांगतं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे काम घरापासून लांब करा, नाहीतर वर्षभर पुढे ढकला. ग्रेडर नव्वद वर्षं थांबला आहे. आणखी एक वर्ष थांबेल.

आता जाम सोडवणं. मला विचाराल तर खरी मजा यातच आहे.

पहिला नियम म्हणजे हातचाकात पाइप घालून जोर लावायचा नाही. तुम्ही ताकदवान असाल, मान्य. हातचाक बिडाचं आहे. त्याचा आरा तुटला की तसा दुसरा दुकानात मिळत नाही.

दुसऱ्या ग्रेडरचं उजवं हातचाक मला तीन आठवडे पुरलं. रोज सकाळी चहाचा कप एका हातात, तेलाची बुधली दुसऱ्या हातात. गंज सोडवणारं तेल विकत मिळतं. काही लोक गाडीच्या ट्रान्समिशनचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून घरीच करतात. ते चांगलं काम करतं, पण अ‍ॅसिटोन भडकन पेटतं, म्हणून आगीपासून आणि बंद खोलीपासून लांब. सांध्यावर चार थेंब टाकायचे, हातोडीने दांडीवर दहा-बारा हलके टोले द्यायचे. जोरात नाही. झोपलेल्याला उठवतो तसे. मग चाक एकदा उजवीकडे दाबायचं, एकदा डावीकडे. हलत नाही. ठीक आहे. उद्या.

पहिले बारा दिवस काहीच झालं नाही. बायको खिडकीतून बघायची आणि पडदा लावायची. तेराव्या दिवशी सांध्याशी एक लाल रेघ दिसली. ओलसर, विटकरी रंगाची, केसाएवढी बारीक. म्हणजे तेल आत शिरून गंज बाहेर घेऊन येत होतं. ती रेघ दिसली की समजायचं जमलं. त्यानंतर आठवड्याने चाक बोटभर फिरलं. बोटभर फिरलं की जोर करून पुढे नेऊ नका. परत मागे आणा. पुढे, मागे, तेल. पुढे, मागे, तेल. एकाच दिशेने नेलंत तर सुटलेला गंज चुरा होऊन दातांत अडकतो आणि पुन्हा जाम होतं.

नट सुटत नसेल तर नट तापवा, बोल्ट नव्हे. तापला की साधी मेणबत्ती सांध्याला लावा. मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. मात्र ग्रीस भरलेल्या गिअरबॉक्सजवळ ज्योत न्यायची नाही. तेल मारलेलं असेल तर आधी पुसा. बाजूला पाण्याची बादली आणि आग विझवायचं नळकांडं असू द्या. गॅस हाताळता येत नसेल तर शिकलेल्या माणसाला बोलावून जेवायला घाला.

छोटे गंजलेले भाग विजेच्या पाण्यात टाकून साफ होतात. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गाडीच्या बॅटरीचा चार्जर. भागाला काळी तार, बाजूला टाकाऊ साध्या लोखंडाच्या तुकड्याला लाल तार. हे उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. स्टेनलेस स्टीलचा जुना चमचा किंवा थाळी लाल तारेला लावू नका. पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

धारेची नवी पट्टी आजही मिळते. ट्रॅक्टरच्या आणि ग्रेडरच्या पट्ट्या विकणारे असतात. अडचण भोकांची. तुमच्या जुन्या पात्याच्या भोकांचं अंतर आजच्या मापाशी जुळेलच असं नाही. मी काय केलं सांगतो. टीव्हीच्या खोक्याचा लांब पुठ्ठा घेतला, पात्यावर ठेवला, आतून खडू चोळला. भोकं उमटली. तो पुठ्ठा गुंडाळी करून दुकानात नेला. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने तो जमिनीवर पसरला, मापपट्टी लावली आणि पाच मिनिटांत पट्टी कुठे छेदायची ते सांगितलं. फोनवर अर्धा तास बोलून जे समजलं नव्हतं ते त्या पुठ्ठ्याने समजलं. बोल्ट मात्र जुने परत वापरू नका. डोकं पट्टीत बसून सपाट राहणारे नांगराचे बोल्ट मिळतात, तेच घ्या.

रंग लावायचा की नाही? मी म्हणेन घाई करू नका. गंज थांबवा, तेल लावा, चालता करा, एक मोसम वापरा. मग ठरवा. लावायचाच असेल तर मूळ रंग शोधा. पाटीच्या मागे, क्लॅम्पच्या खाली, जिथे ऊन-पाऊस पोचला नाही तिथे तो लपलेला असतो. आणि मनाने रंग ठरवू नका. कॅटरपिलर म्हटलं की सगळे पिवळा डबा आणतात. पण त्या कंपनीने पिवळा रंग घेतला ७ डिसेंबर १९३१ ला. त्याआधी त्यांची यंत्रं करड्या रंगाची असत. १९२९ च्या करड्या ग्रेडरला पिवळा फासला तर जाणकार काही बोलणार नाही, पण बघून पुढे जाईल. नावाच्या पाटीवर ब्रश फिरवू नका एवढं तरी करा.

आता तो चालता झाला. रस्त्यावर न्यायचा.

ट्रॅक्टर अश्वशक्तीवर नको, वजनावर बघा. हलका ट्रॅक्टर मोठ्या ग्रेडरपुढे लावला तर चाकं फिरत राहतात आणि उतारावर ग्रेडर त्यालाच ढकलतो. साखळी किंवा दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढपट्टीलाच लावा. सीटजवळच्या वरच्या दांड्याला कधीही नाही. वरून ओढलं आणि पातं अडकलं तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागे उलटतो. चालवणारा त्याच्याखाली जातो. हे क्षणात होतं. उडी मारायला वेळ मिळत नाही.

रस्त्याच्या कडेला चर काढायचा असेल तर दोन-तीन दिवस आधी ८११ ला फोन करा. फुकट आहे. ते येऊन गॅसच्या नळ्या आणि वीज, इंटरनेटच्या तारा कुठे आहेत त्यावर रंगाच्या खुणा करून जातात. घरचं इंटरनेट तुम्हीच तोडलंत तर मुलं वर्षभर सांगत फिरतील.

हे दोघांचं काम आहे. आमच्याकडे मी ट्रॅक्टरवर आणि बायको मागे फळीवर. लहानपणी कुळवावर वजनासाठी आम्हा पोरांना बसवायचे, तसं मी तिला गमतीने म्हणालो होतो. परत म्हणालो नाही. कारण खरं काम तीच करते. पातं किती खाली घ्यायचं हे मागच्यालाच दिसतं. ट्रॅक्टरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी अंगणात ठरवा. थांब, हळू, वर, खाली. चारच. आणि थांब ही खूण कुणीही केली तरी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. फळीवर उभ्या माणसाने ओढणी, स्कार्फ, सैल बाह्या, लोंबणारी माळ, काहीही ठेवायचं नाही. गिअर हळू फिरतात म्हणून कापड सोडत नाहीत. मुलांना फळीवर घ्यायचं नाही. ‘एकच चक्कर’ म्हणतील. नाही.

पाऊस पडून एखाद-दोन दिवस झाले की काढा. कोरडी खडी नुसती उडते, चिखल चिकटतो. पातं प्रवासाच्या रेषेला तिरकं, साधारण ३० ते ४५ अंश. माणूस भरभर चालतो तेवढाच वेग. जोरात ओढलंत तर पातं उड्या मारतं आणि तुम्ही नव्याने तेच पत्र्यासारखे खळगे तयार करता. खळग्यांचा तळ लागेल एवढं खोल आधी कापा. नुसती वरची टेंगळं काढून खड्डे भरले तर महिन्याभरात ते परत तिथेच उगवतात.

मग कडेची खडी मधे आणा. रस्त्याची पाठ माशासारखी हवी. मध्यापासून कडेपर्यंत प्रत्येक फुटाला अर्धा इंच उतार. बारा फुटी रस्ता असेल तर मध्य कडेपेक्षा तीन इंच उंच. एवढ्याने पाणी कडेला जातं. आमच्या रस्त्यावर पहिल्या पावसानंतर मी छत्री घेऊन बघायला गेलो. पाणी दोन्ही बाजूंना वाहत होतं आणि मधली खडी ओली पण कोरडवाहू शेतासारखी घट्ट. बराच वेळ उभा राहिलो. आत आल्यावर बायकोने विचारलं, कुणी भेटलं का?

खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो. इथे झेंडू ऑक्टोबरच्या पहिल्या गारठ्यात जातो, म्हणून दोन कुंड्या गॅरेजमध्ये राखून ठेवतो. हातचाकाला माळ घातली की तो अगदी आपल्यातला वाटतो. माळ मात्र दुसऱ्या दिवशी काढा, ओली फुलं लोखंडाला चांगली नाहीत.

हिवाळ्याआधी एवढं करा. सगळ्या सांध्यांत ग्रीस भरा, जुनं बाहेर येईपर्यंत. गिअरबॉक्सची झाकणं घट्ट. झाकण नसेल तर कॉफीचा डबा उलटा घालून तारेने बांधा. पातं फळ्यांवर टेकवा, जमिनीवर नको. पट्टीला जुनं तेल फासा. आणि तो रस्त्याच्या कडेला उभा असेल तर चारही कोपऱ्यांना लाल फडकं बांधलेल्या उंच काठ्या रोवा. बर्फ काढायला येणाऱ्या पोराला दिसायला हवा. पहिल्या मोठ्या बर्फानंतर तो नेमका कुठे आहे हे तुम्हालाही आठवणार नाही.